तीन नंबरचा कॅमेरा

६ नोव्हेंबर

ही वही खरं तर फोटोंच्या नोंदींची. कितवा रोल, कितवी फ्रेम, शटर किती, अ‍ॅपर्चर किती, उजेड कसा होता. अडतीस वर्षांत अशा बेचाळीस वह्या भरल्या. ही त्रेचाळिसावी अर्धी कोरी पडून होती, कारण हल्ली कामंच कमी. आजपासून हिच्यात मनातलंही लिहिणार आहे. वहीच्या रेघा फार पुसट छापल्यात. हल्ली कुठलीच वस्तू धड मिळत नाही.

बातमी अशी की बबडीचं लग्न ठरलं. एकवीस डिसेंबरला. बबडी माझ्या धाकट्या भावाची मुलगी. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली आणि तेव्हापासून धाकटा, मी आणि माझी बायको असं तिघांनी तिला वाढवलं. आम्हाला मूलबाळ नाही, पण तसं कधी वाटू दिलं नाही या पोरीने. खाली दुकान, वर घर, आणि मधल्या जिन्यात सदैव हिची पुस्तकं पसरलेली.

तिच्या दर वाढदिवसाला मी दुकानाच्या पायरीवर तिचा एक फोटो काढतो. एकच. तीच पायरी, तेच अंतर. असे चोवीस झाले. यंदाचा जरा मऊ आला, कडा पुसट, रोल जुना असावा. आता लग्नाचे काढायचे. ते एक काम मनासारखं झालं की कॅमेरे पेटीत ठेवायला मी मोकळा. सकाळी तसं सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. बबडी म्हणाली, "हो, मोठेबाबा, तुम्हीच काढायचे." धाकटा पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं.

९ नोव्हेंबर

तिन्ही कॅमेरे काढून पुसले. दोन तास कसे गेले कळलं नाही.

या कॅमेऱ्यांत बॅटरी नाही, पडदा नाही, सूचना देणारी शिट्टी नाही. आत चाकं, स्प्रिंगा आणि कापडाचा पडदा. लिव्हर ओढली की हाताला कळतं की रोल एक घर पुढे सरकला. दाबलं की खट् असा आवाज येतो, आणि तो आवाज चुकला तर मला झोपेतही कळेल. एक नंबरचा एकदा जिन्यावरून थेट खालपर्यंत गडगडत गेला, कोपऱ्याला पोचा पडला, आणि त्याच संध्याकाळी त्याने एक अख्खा समारंभ काढला. आजची यंत्रं शिंक आली तरी दुरुस्तीला जातात.

आमची पद्धत ठरलेली. मी फोटो काढायचे, धाकट्याने रोल भरायचे, काढलेले रोल सांभाळायचे आणि डार्करूममध्ये धुवायचे. मी पुढे, तो मागे. एक नंबर माझ्या हातात असताना दोन नंबर त्याच्या हातात भरून तयार. छत्तीस फोटो झाले की नुसता हात मागे करायचा, तो भरलेला कॅमेरा हातात ठेवतो. मागे वळून बघावंही लागत नाही. कोरे रोल डाव्या खिशात, झालेले उजव्या. अडतीस वर्षांत एकदाही घोळ नाही.

तीन नंबर म्हणजे आमचं धंद्यातलं गुपित. प्रत्येक लग्नात एक पाहुणा असा असतोच: आता माझा आणि साडूचा काढा, आता साडूच्या साडूचा, आता मला केक भरवताना. नाही म्हटलं तर रुसतो, हो म्हटलं तर रोल संपतो. त्याच्यासाठी तीन नंबर. फ्लॅश लखकन उडतो, खट् आवाज येतो, पाहुणा खूश होऊन जेवायला जातो. आत रोलच नसायचा. मग एका लग्नात एक हेडमास्तर भेटले. ते म्हणाले, "लिव्हर ओढता तेव्हा या बाजूची चकती फिरायला हवी, ती फिरत नाही." शिक्षकापुढे काय बोलणार. तेव्हापासून आम्ही तीन नंबरमध्ये एक मेलेला रोल ठेवतो, उजेड लागून वाया गेलेला. चकती फिरते, आकडा पुढे जातो, फोटो काही निघत नाही. चांगल्या रोलमध्ये मिसळू नये म्हणून त्याच्या शेपटीचा, म्हणजे डबीबाहेर राहणाऱ्या पट्टीचा, कोपरा धाकट्याने कातरून ठेवलाय, आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय.

ही शक्कल माझी. कुणाचं काही जात नाही, पाहुण्याचं मन राहतं. धाकट्याला सुरुवातीला आवडली नव्हती. तो म्हणायचा, "दादा, माणूस केस सारखे करतो रे आपल्यासाठी." मी त्याला म्हणायचो, तू आपला डार्करूममध्ये बरा.

१७ नोव्हेंबर

लेन्स तपासायला एक रोल काढला. ही खिडकीपाशी भाजी निवडताना, समोरचा शिंपी मशीनवर, बबडी केस विंचरताना. संध्याकाळी धाकट्याने धुवून आणला. ओल्या निगेटिव्ह दिव्यापुढे धरून बराच वेळ बघत राहिला.

"जरा मऊ आहेत," म्हणाला.

"लेन्सला बुरशी लागली असणार. कित्येक महिने पेटीत होती."

"असेल," म्हणाला.

व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एक गोल असतो. त्यात माणूस दोन तुकड्यांत दिसतो, रिंग फिरवून तुकडे जुळवले की फोकस झाला. हल्ली तुकडे जुळल्यासारखेही वाटतात आणि न जुळल्यासारखेही. काच मळली आहे. उद्या स्पिरिटने पुसतो.

चहा ओतताना थोडा कपाबाहेर गेला. ही म्हणाली, "अहो, एकदा डोळे दाखवून या की."

"कप तू सरकवलास," मी म्हटलं.

१८ नोव्हेंबर

स्पिरिटने पुसली. फरक नाही. जुन्या काचा आतूनच पिवळ्या पडतात.

२ डिसेंबर

आज धाकट्याशी वाजलं.

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. तो पासपोर्ट फोटो कापत होता. त्याचा तो डिजिटल कॅमेरा असतो कोपऱ्यात तिपाईवर, पासपोर्टपुरता. कापता कापता म्हणाला, "दादा, लग्नात जोडीला कुणीतरी डिजिटलवालाही ठेवूया का? नुसतं जोडीला."

मी विचारलं, का?

"रोलचं काही सांगता येत नाही. उजेड लागला, फाटला, अडकला."

त्याने सांगितलेला एकेक दोष मला पाठ आहे. छत्तीसच्या वर एक मिळत नाही. काढलेला फोटो बरा आला की वाईट, हे धुवून होईपर्यंत देवालाही माहीत नसतं. एकाचे डोळे मिटले तर मिटलेच. रोल आता शोधावे लागतात, औषधं मागवावी लागतात, तिन्ही कॅमेरे गळ्यात घेतले तर मान दोन दिवस धरते. सगळं खरं. पण म्हणूनच माणूस जपून काढतो. पडद्यावर बघता येत नाही म्हणून समोर बघतो. हे सगळं मी त्याला सुनावलं. वर हेही म्हटलं की अडतीस वर्षांत माझा एक रोल वाया गेलेला दाखव.

त्याने हातातली कात्री खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"गेल्या वर्षी ती दोन लग्नं झाली," म्हणाला, "ती मंडळी पुन्हा आली नाहीत."

"माणसं कृतघ्न असतात," मी म्हटलं. "अल्बम मिळाला की ओळख विसरतात."

त्याने कापलेले फोटो पाकिटात भरले. मग म्हणाला, "बरं. तूच काढ. रोल मी भरीन." शेवटी माझा भाऊ आहे, अशा वेळी मन मोठं करतो. राग गेला.

ही जेवताना पुन्हा डोळ्यांचं घेऊन बसली. म्हटलं, लग्न होऊ दे, मग जाऊ.

१५ डिसेंबर

हॉल बघून आलो. उत्तरेला उंच खिडक्या, अकरापर्यंत उत्तम उजेड. दिव्यांभोवती सुंदर वलयं दिसतात, फोटोत येतील तर बहार होईल. एका खांबाला धडकलो. असले खांब नेमके वाटेत का उभे करतात कोण जाणे.

२२ डिसेंबर

लग्न झालं. काल अंग इतकं दमलं होतं की वही उघडली नाही. आता नीट लिहितो.

सात रोल काढले. दोनशे बावन्न फोटो. नोंदणीच्या सह्या करताना बबडीने पेन उचललं आणि क्षणभर थांबली, तो क्षण मला मिळाला. सही झाल्यावर तिने आधी धाकट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, तोही मिळाला. नवरामुलगा बुटाची नाडी बांधायला वाकला आणि त्याच्या आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो मिळाला. हात आठवणीने चालत होते. लिव्हर लोण्यासारखी फिरत होती, चकती बरोबर फिरत होती, आकडा छत्तीसला आला की मी हात मागे करायचो आणि धाकटा भरलेला कॅमेरा हातात ठेवायचा. तीन नंबर पेटीतून काढलाच नाही. घरच्या लग्नात कुणाला फसवायचं.

बबडीला काय सांगू. मी कॅमेरा डोळ्याला लावला की ती जिथे असेल तिथून वळायची आणि हसायची. तीन-तीन वेळा हसू धरून उभी राहायची. एकदा तर डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हटलं, आता रडू नकोस, काजळ पसरेल. ती म्हणाली, "तुम्ही काढा हो, मोठेबाबा."

धाकटा मात्र दिवसभर गडबडलेला होता. मुलीच्या बापाचं मन ठिकाणावर नसणारच. झालेला रोल डाव्या खिशात टाकताना मी त्याला पकडलं. "अरे, उजव्या," मी म्हटलं. "हो हो," म्हणून त्याने तो उजव्या खिशात टाकला. शिवाय रोल मागे गुंडाळताना शेपटी बाहेर ठेवत होता. झालेल्या रोलची शेपटी आत जायला हवी, नाहीतर कोरा कुठला आणि झालेला कुठला कळत नाही. हे त्यानेच मला शिकवलेलं. काल त्याला क्षमा केली.

बबडीची एक मैत्रीण होती, ठेंगणीशी, गळ्यात एक काळा डिजिटल. दिवसभर माझ्या पाठीशी. मी जिथे उभा राहीन तिथे येऊन उभी. एकदा मागे सरलो तर तिच्या पायावरच पाय पडला.

"माफ करा, काका," उलट तीच म्हणाली. "तुम्ही जिथून बघता तिथून बघितलं की शिकायला मिळतं."

तिच्या हातात एक नंबर दिला. "बाप रे, केवढं वजन." मी तिला गोल दाखवला, तुकडे कसे जुळवायचे ते सांगितलं. तिने डोळ्याला लावून बघितलं आणि म्हणाली, "किती लख्ख दिसतं हो यातून." पोरगी गुणी आहे. काचेला पिवळेपणा आलाय हे तिच्या लक्षात आलं नाही, पण वय लहान आहे.

३० डिसेंबर

रोल अजून धुतले नाहीत. औषध आलं नाही म्हणतो.

५ जानेवारी

औषध आलंय, पण पाणी फार गार आहे म्हणतो. गरम पाण्याच्या बादलीत बाटल्या ठेवायला आम्हीच शिकलो ना आयुष्यभर? मी म्हटलं, मी धुतो. अंधारात रोल रिळावर चढवायला डोळे लागतात कुठे, बोटं लागतात. तो घाईने म्हणाला, "नको, नको. मी करतो." या कामावर त्याचा जीव आहे, म्हणून सोडून दिलं.

१४ जानेवारी

अल्बम आला.

मोठे प्रिंट आता घरी जमत नाहीत म्हणून धाकट्याने बाहेरच्या लॅबकडून करून आणले. काळे-पांढरे, जाड कागद, कापडी बांधणी. बबडी आणि जावई आले होते. पान उलटेल तसं ही "अगंबाई" म्हणत होती. पेन उचलून थांबलेली बबडी आहे. बुटाची नाडी आहे. मला दिसलं तसंच सगळं आलंय, किंबहुना मला दिसलं त्याहून चांगलं. जावई म्हणाले, "याला म्हणतात फोटो." मी सगळ्यांना सांगितलं की यात माझं फार काही नाही, रोल धुणाऱ्याचा हातही तेवढाच लागतो. धाकटा उठून पाणी प्यायला आत गेला.

आज फार समाधान वाटतंय. कॅमेरे आता खुशाल पेटीत जाऊ देत.

१५ जानेवारी

सकाळी अल्बम घेऊन खिडकीपाशी बसलो. सवयीने भिंग काढलं. प्रिंट कसाही असो, मी भिंगातून दाणा बघतो. फिल्मच्या फोटोत बारीक दाणा असतो, पिठासारखा, गालावर आणि आभाळात स्पष्ट दिसतो. रोल नीट धुतला असेल तर तो एकसारखा येतो.

दाणाच नाही. बबडीच्या गालावर नाही, भिंतीवर नाही, खिडकीबाहेरच्या आभाळात नाही. सगळं गुळगुळीत. चाळीस पानं बघितली. भिंग पुसून पुन्हा बघितली.

धाकट्याला विचारलं, निगेटिव्ह कुठायत?

"लॅबमध्ये राहिल्यात. आणतो."

त्याने आजवर एक निगेटिव्ह कधी परक्या घरी ठेवली नाही.

१६ जानेवारी

धाकटा बँकेत गेला तेव्हा डार्करूमचा दिवा लावून त्याचा खण उघडला. पाच रोल होते, शेपटी बाहेर असलेले. हातात घेतले. बघायची गरजच पडली नाही, अंगठ्याला लागलं. पाचही शेपट्यांचे कोपरे कातरलेले होते.

स्टुलावर बसून हिशेब लावला: झालेला रोल डाव्या खिशात जात होता तो म्हणूनच, पाचच रोल फिरवून सात वेळा भरले. मग एक नंबर आणि दोन नंबर उघडून बघितले, रिकामे होते. सकाळी अकराच्या उजेडात, माझ्या मुलीसारख्या मुलीच्या लग्नात, मी दोनशे बावन्न वेळा मेलेल्या रोलवर बटण दाबलं. साडूच्या साडूसोबत फोटो मागणारा तो पाहुणा या खेपेला मी होतो.

ती मैत्रीण माझ्या मागे का उभी होती तेही आता कळलं.

१७ जानेवारी

पाचही रोल ताटाशेजारी ओळीत मांडून ठेवले. धाकटा जेवायला आला, बघितलं आणि बसलाच नाही. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"फक्त लग्नात. आधी कधीच नाही, दादा, शपथ." मग म्हणाला, "आपली ती मागची दोन लग्नं अख्खी मऊ होती. एकही चेहरा धड नव्हता. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आलो. एका घरी त्या बाई रडल्या. पुन्हा काही लग्न लावता येत नाही ना."

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? तुला नुसतं 'जोडीला' म्हटलं तर तासभर बोललास. आणि बबडीचं लग्न एकदाच होणार होतं."

"मग माझ्या हातात कॅमेरा तरी कशाला दिलास?"

त्याने एक रोल उचलला, परत ओळीत ठेवला. शेवटी खाली बघून म्हणाला, "तुझं मन राहावं म्हणून."

माझंच वाक्य. शब्द न् शब्द माझा. मी ताट सरकवून उठलो. उठताना हिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

१९ जानेवारी

सगळ्यांना माहीत होतं. हिला, बबडीला, जावयाला, त्या ठेंगणीला. मला सोडून सगळ्या हॉलला माहीत असेल. ही म्हणते, "मी तीनदा सांगितलं होतं डोळे दाखवा म्हणून." अगं बाई, डोळे दाखवा म्हणणं वेगळं आणि तुमचे फोटो बिघडतायत म्हणणं वेगळं. पहिलं ऐकून माणूस टाळतो. दुसरं ऐकलं असतं तर धावत गेलो असतो. गेलो असतो का? गेलोच असतो.

धाकट्याशी बोलत नाही. दुकानात तो पुढे, मी मागे. पासपोर्टवाले आले की मी डार्करूममध्ये जाऊन बसतो. दार लावलं की तिथे छान अंधार असतो.

२६ जानेवारी

बबडी आली. माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली.

"रागावलात ना?"

"तू हसलीस कशी पण?" मी म्हटलं. "आत काही नाही हे माहीत असताना तीन-तीन वेळा?"

"सोपं नव्हतं, मोठेबाबा. पण तुम्ही बघत होतात ना. मी तुमच्याकडे बघून हसले. कॅमेऱ्याकडे नाही."

"हसू छान धरलंस," मी म्हटलं. "पाहुण्यांनासुद्धा इतकं जमत नाही."

तिला लागलं. लागावं म्हणूनच बोललो होतो. ती गेल्यावर तिचा चहा तसाच राहिलेला दिसला आणि जीव गलबलला, पण हाक मारली नाही.

२ फेब्रुवारी

शेवटी ही मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी डोळ्यांत औषध घातलं, यंत्राला हनुवटी टेकवून बघितलं.

"मोतीबिंदू. दोन्हीकडे, चांगला पिकलेला. इतके दिवस काम कसं करत होतात?"

"फोटोग्राफर आहे," मी म्हटलं. बाई हसल्या नाहीत, हे बरं केलं.

ऑपरेशन साधं असतं म्हणाल्या. सकाळी या, दुपारी घरी जा. एक डोळा झाला की तीन आठवड्यांत माणूस कामाला लागतो.

तीन आठवडे. लग्न ठरल्यापासून लग्न होईपर्यंत सहा होते. एवढं कुणी मला स्पष्ट सांगितलं असतं तर एकवीस डिसेंबरला मी त्या खिडकीखाली लख्ख डोळ्याने उभा असतो. माझं मन राखताना त्यांनी माझ्याकडून तेच हिसकावून घेतलं. येताना रिक्षात हे मी हिला सांगितलं. तिने बाईंची चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "तारीखसुद्धा घेतली होती मी. वीस नोव्हेंबरची. तुम्ही म्हणालात, लेन्सची बुरशी काढायचीय, वेळ नाही."

मला आठवत नाही. वहीत तसं काही लिहिलेलं नाही.

२४ फेब्रुवारी

उजव्या डोळ्याची पट्टी निघून आठवडा झाला. वहीच्या रेघा निळ्या आहेत आणि ठळक आहेत.

बबडीचे पायरीवरचे चोवीस फोटो काढून बघितले. एकविसाव्यापर्यंत केस न् केस दिसतो. बाविसावा मऊ. तेविसावा त्याहून मऊ. चोविसाव्यात मागच्या भिंतीचा गिलावा स्वच्छ आहे आणि पुढे एक फिकट चेहरा, जो कुणाचाही असू शकेल. ही मुलगी ओळखायला मला तिची पायरी लागली.

मग लग्नाचा अल्बम बघितला. ठेंगणीचा हात चांगला आहे. शेवटच्या पानावर एक फोटो आहे, आधी माझ्या लक्षात आला नव्हता. मी वाकून कॅमेरा डोळ्याला लावलाय आणि माझ्या मागे धाकटा उभा आहे, हातात दोन नंबर धरून. त्याचा चेहरा इतका ओढलेला आहे की मी पान मिटलं. केव्हा एवढा म्हातारा झाला हा?

पण त्याने केलं ते केलंच.

१२ मार्च

दोन महिन्यांनी धाकटा आज माझ्याशी कामाशिवाय बोलला. दुपारची वेळ, दुकान रिकामं, दारातून सरळ उजेड येत होता. मी कपाटातले कॅमेरे पुसत होतो.

"दादा," म्हणाला, "आता दिसतं ना नीट? मग माझा एक काढ."

"तुझा कशाला?"

"परवा बबडीने मागितला. शोधला तर नाहीच. अडतीस वर्षांत तू माझा एक फोटो काढलेला नाहीस." तक्रार नव्हती आवाजात. आपल्या दुकानातली एखादी वस्तू संपली हे सांगावं तसं म्हणाला. "मी कायम मागेच ना."

खरं होतं ते. मला त्याआधी कधी सुचलंही नव्हतं.

एक नंबरमध्ये कालच मी स्वतः ताजा रोल भरला होता, डोळा तपासायला. तो कपाटात पहिल्या खणात होता. माझा हात तिसऱ्या खणात गेला. ठरवून गेला असं म्हणता येत नाही, पण परतही घेतला नाही.

तो जाऊन बबडीच्या पायरीवर उभा राहिला. मी कॅमेरा डोळ्याला लावला. गोलातले तुकडे असे जुळले की केसाएवढीही फट राहिली नाही. त्याच्या भुवईतला पांढरा केस दिसला, औषधांनी पिवळी पडलेली बोटं दिसली, दाढी करताना कापलेली जागा दिसली. असा फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. त्याची नजर माझ्या चेहऱ्यावरून कॅमेऱ्यावर आली आणि लाल ठिपक्यावर थांबली. ठिपका त्यानेच दिलेला.

त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं. हाताने केस सारखे केले. मग हसला, आणि मी दाबेपर्यंत तसाच हसत उभा राहिला.

"झाला?"

"झाला," मी म्हटलं.

त्याने नेहमीसारखा हात पुढे केला आणि मी कॅमेरा त्याच्या हातात दिला. रोल काढायला त्याने तो डार्करूममध्ये नेला नाही. शर्टाच्या टोकाने पुसला, आणि कपाटाच्या तिसऱ्या खणात ठेवून दिला.